औंढ्यातले ॲल्डरटन रोव्हर्स

लोणावळ्याला कोण गेलेलं नाही? चिक्की घ्यायची, धरणावर फोटो काढायचे, भजी खायची आणि संध्याकाळी ट्रॅफिकला शिव्या घालत घरी यायचं, हे सगळ्यांनी केलंय. पण तिथून हाकेच्या अंतरावर असलेल्या औंढ्याला मुद्दाम गेलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मी स्वतः तळेगावची, लग्न होईपर्यंत मावळातच वाढले, तरी मीही कधी गेले नव्हते. गेले ती गेल्या डिसेंबरात, आणि तेही अमेरिकेतल्या एका बुडालेल्या फुटबॉल क्लबामुळे.

तो क्लब आमच्या गावचा. म्हणजे सासरच्या नव्हे, नोकरीच्या गावचा. ॲल्डरटन हे पूर्वी दोऱ्याच्या गिरणीचं गाव. पोर्तुगालहून, पोलंडहून, आयर्लंडहून आलेल्या कामगारांनी गिरणीमागच्या मोकळ्या जागेत चेंडू लाथाडायला सुरुवात केली आणि त्यातून ॲल्डरटन रोव्हर्स हा क्लब झाला. गिरणी बंद पडली, क्लब राहिला. खेळणारे सगळे पोटापाण्याला दुसरंच काहीतरी करणारे. कोणी नळजोडणीवाला, कोणी शाळेतला पीटीचा मास्तर, उरलेली कॉलेजची पोरं. आपल्याकडे तालुक्याला जिंकलं की जिल्ह्याला जाता येतं. तिकडे तसं नाही. खालच्या लीगमधला क्लब कितीही जिंकला तरी पुढच्या वर्षी तिथेच. वर जायचं तर थैली मोकळी करून जागा घ्यावी लागते. तेव्हा असल्या क्लबाला स्वप्न एकच, आपल्या त्या छोट्याशा लीगची फायनल एकदा तरी मारायची.

डॅन हा या क्लबाचा खजिनदार आणि माझा शेजारी. सत्तरीच्या पुढचा आहे, पण तिकडे सगळे त्याला डॅनच म्हणतात. मराठीत लिहिताना मी 'डॅनकाका' केलं तर त्याची त्यालाच ओळख पटायची नाही. हिशेब ठेवणं, तिकिटं फाडणं, मैदानावर चुन्याच्या रेघा मारणं, सगळं हाच करायचा.

दहा-बारा वर्षांपूर्वी रोव्हर्स पहिल्यांदाच फायनलला पोचले, आणि तीही घरच्या मैदानावर. डॅनला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. शिट्टी वाजल्याबरोबर पोरांच्या अंगात घालायला त्याने मॅचच्या आधीच शर्ट छापून आणले. मरून रंगाचे, पाठीवर क्लबाचं नाव, छातीवर क्लबाचं चिन्ह, म्हणजे दोऱ्याचं रीळ, आणि खाली सोनेरी अक्षरांत 'चॅम्पियन्स'. खोकी बाकाखाली ठेवली होती, सगळ्यांना दिसत होती. मॅच संपता संपता गोल बसला आणि रोव्हर्स हरले. झालं! डॅनने नाट लावला असं गावाने ठरवून टाकलं. लोक तोंडावर बोलत नसत, पण दुकानात डॅन शिरला की कोणीतरी हमखास शर्टांचा विषय काढायचं. शेवटी "जाळून टाकले," असं त्याने सांगितलं आणि विषय संपवला.

गेल्या वर्षी क्लबच संपला. मैदानावर आता एका कंपनीचं गोदाम उभं राहतंय.

त्याच सुमाराला माझा भाऊ विनय याने तळेगावहून एक फोटो पाठवला. औंढ्याच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेत विनय बक्षीस द्यायला गेला होता, आणि उपविजेत्या संघाच्या अंगावर मरून शर्ट होते. मी डोळे चोळून बघितलं. रीळ! चॅम्पियन्स! मी मोठ्या हौसेने फोन घेऊन डॅनकडे गेले. त्याने फोटो बघितला आणि आत निघून गेला. मला वाटलं, घोडं कुठेतरी पेंड खातंय.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आला. म्हणाला, "मी जाळले नव्हते. हात धजावला नाही. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकले. गावाशी खोटं बोललो." मग म्हणाला, "आणि आता ती पोरं खोटा शर्ट घालून फिरताहेत, त्यांना पत्ताही नाही. मला तिथे नेशील? मला त्यांना सांगायचंय."

मी म्हटलं, "अरे बाबा, ती पोरं मजेत आहेत. कशाला त्यांच्या आनंदात मिठाचा खडा टाकतोस?" पण म्हाताऱ्याच्या डोक्यात एकदा बसलं की बसलं. डिसेंबरात मी माहेरी येणारच होते. हा गडी तिकीट काढून मोकळा!

लोणावळा

तळेगावहून विनयच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. जुन्या रस्त्याने जा असं मीच सांगितलं, कारण द्रुतगती मार्गावरून मावळ दिसत नाही, नुसते बोर्ड दिसतात. भाताची कापणी झालेली, खाचरं पिवळी पडलेली, जागोजागी पेंढ्याच्या उडव्या. मळवलीच्या बाजूला लोहगड आणि विसापूर दोघं शेजारी बसलेले. डॅन खिडकीला नाक लावून बघत होता. मधूनच विचारायचा, "हे सपाट तुकडे पायऱ्यांसारखे का केलेत?" पाणी अडवायला, हे सांगितल्यावर म्हणाला, "प्रत्येक तुकड्यात एकेक मैदान मावेल." याला दुसरं काही सुचतच नाही.

लोणावळ्यात बाजारात उतरलो. औंढ्याच्या संघासाठी डॅनला एक चांगला फुटबॉल भेट द्यायचा होता. तो मिळाला. मग चिक्कीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने नमुन्याला एक तुकडा हातावर ठेवला, डॅनने तो कडकन चावला आणि दातावरची टोपी चिक्कीबरोबर बाहेर आली. आता आली का पंचाईत! आमच्या ॲल्डरटनमध्ये दातवाल्याची वेळ मिळवायची तर महिना जातो. इथे चिक्कीवाल्याने समोरच्या जिन्याकडे बोट दाखवलं आणि आम्ही वर गेलो. डॉक्टरीणबाईंनी टोपी धुतली, चिकटवली, आणि "चिक्की ना?" एवढंच विचारलं. आठवड्याला दोन-तीन तरी येतात म्हणे असे. डॅन खाली उतरताना जबड्यावर हात ठेवून सारखा माझ्याकडे बघत होता. त्याला विश्वासच बसेना की काम झालं.

औंढे

शहर मागे पडलं तसे बंगले सुरू झाले. मुंबई-पुण्याच्या लोकांचे, बाराही महिने कुलूप लावलेले. त्यांच्या मधूनमधून उरलेली खाचरं. गावाच्या तोंडाशी पोचलो आणि विनयने करकचून ब्रेक दाबला. समोर भला मोठा फ्लेक्स! त्यावर डॅनचा फोटो, फेट्यासकट. फेटा अर्थातच कॉम्प्युटरवर चढवलेला. खाली लिहिलेलं, 'अमेरिकेच्या चॅम्पियन संघाचे खजिनदार मा. डॅनसाहेब यांचे औंढे नगरीत सहर्ष स्वागत. शुभेच्छुक: आल्डरटन रोव्हर्स क्रिकेट क्लब, औंढे.'

"काय लिहिलंय?" डॅनने विचारलं. मी म्हटलं, "स्वागत." उरलेलं सांगायची माझी छाती झाली नाही. विनयकडे मी असं बघितलं की तो गाडीच्या काचेपेक्षा खाली गेला. हे सगळं त्यानेच फोनवर सांगून ठेवलं होतं.

संघाचा कप्तान संतोष आम्हाला न्यायला आला. तिशीचा, लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये नोकरी करणारा, आणि सकाळी शेत बघणारा. अंगात मरून शर्ट. डॅनची नजर त्या शर्टावरून हलेना. त्याने हळूच हात पुढे करून रिळावर बोट ठेवलं.

संतोष खुलला. "लोणावळ्याच्या बाजारात जुन्या कापडांचा गठ्ठा आलता, ताई. बगतो तर सगळे एकसारखे! आन् छातीवर डमरू. म्हटलं, हे तर म्हादेवाचंच देनं. आख्खा गठ्ठा उचलला."

मी रीळ बघितलं. खरंच की, आडवं धरलं तर डमरूच! मी डॅनला सांगितलं, तसा तो पहिल्यांदाच हसला. गिरणीत रिळावर दोरा गुंडाळणाऱ्या माणसाने काढलेलं ते चिन्ह इथे देवाचं वाद्य होऊन बसलं होतं, आणि संघाचं नावही त्यांनी शर्टावर होतं तेच ठेवून घेतलं होतं.

जेवायला संतोषच्या घरी. त्याची आई कमलमावशी चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकरी थापत होती. इंद्रायणी भात, पावट्याची आमटी, खरपूस भाकरी आणि ठेचा. डॅनला मी ठेचा नको म्हणून डोळ्यांनी खुणावत होते, पण मावशी वाढत्या हाताची. "सायेब, पोट भरून खावा. लय लांबून आलायसा." डॅनने भात तीनदा घेतला. ॲल्डरटनमध्ये पाहुण्याला 'आणखी हवंय का' असं एकदा विचारतात आणि नको म्हटलं की बास. इथे नको म्हणणं ही फक्त बोलाचालीची सुरुवात असते, हे त्याला कळेपर्यंत ताट पुन्हा भरलेलं होतं.

जेवता जेवता संतोषने दुपारचा कार्यक्रम सांगितला. आधी सत्कार, मग मॅच. क्रिकेट नव्हे, साहेबांच्या मानासाठी खास फुटबॉलची मॅच! शेजारच्या वलवणच्या संघाला बोलावलेलं. मी विचारलं, "तुम्ही फुटबॉल खेळता?"

"न्हाई ओ. पन चॅम्पियनच्या मानसाम्होरं क्रिकेट कसं खेळायचं? चार दीस प्रॅक्टिस केलीया."

मी हे सांगितलं तसा डॅनने घास खाली ठेवला. "आधी मी सांगणार. मॅचच्या आधी. तू बरोबर भाषांतर कर."

"करीन," मी म्हटलं. समोर मावशी कौतुकाने लेकाच्या शर्टाकडे बघत होती.

खाचरातलं मैदान

गावाबाहेरच्या मोठ्या खाचरात धसकटं काढून, रोलर फिरवून मैदान केलेलं. दोन्हीकडे बांबूचे गोलखांब, वर सुतळी. कडेला मांडव, त्यात खुर्च्या, माईक. बाया बांधावर, म्हातारे मांडवात. वलवणची पोरं पांढऱ्या गंजीफ्रॉकवर, कारण त्यांच्याकडे एकसारखे कपडे नव्हते. त्यांचा कप्तान प्रवीण, नुसता मिश्किल. मारे मिशीला पीळ देत औंढेकरांकडे बघत होता.

डॅनला खरा फेटा बांधला, शाल दिली, श्रीफळ दिलं. मग माईक त्याच्या हातात आला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "तुमचे आभार. पण मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचा संघ चॅम्पियन नव्हता. आम्ही फायनल हरलो."

सगळी माझ्याकडे बघायला लागली. पुढच्या रांगेत औंढ्याची पोरं ओळीने बसलेली, ताठ, छात्या पुढे काढून. माझ्या तोंडून निघालं, "साहेब म्हणतात, तुमच्या प्रेमाने त्यांना भरून आलंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

डॅनने माझ्याकडे वळून बघितलं. "तू सांगितलं नाहीस," तो म्हणाला. "हरलो असं ऐकून कोणी टाळ्या वाजवत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माईक घेतला आणि सगळं सांगून टाकलं. शर्ट आधीच छापले होते हे, फायनल हरले हे, नाट लावला म्हणून लोक याला बोलत होते हे, आणि याने जाळले म्हणून खोटं सांगून पेटीत टाकले हेसुद्धा. "तुमच्या अंगावर जे लिहिलंय ते खरं नाही. ते कोणीच कधी जिंकलं नव्हतं. एवढंच सांगायला हा माणूस इतक्या लांबून आलाय."

मांडवातल्या एका आबांनी शेवटी विचारलं, "मंग जिंकलं कोन?"

"शेजारचं गाव," मी डॅनला विचारून सांगितलं.

तेवढ्यात प्रवीण फिस्सकन हसला. "म्हंजी औंढेकर खोटं चॅम्पियन! आन् आमच्याम्होरं येवढी वर्सं टेंभा मिरवत व्हते!" वलवणची पोरं खिदळायला लागली. बांधावरच्या बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

संतोष उठला. कानापर्यंत लाल झालेला. मला वाटलं, आता हा शर्ट काढून डॅनच्या अंगावर फेकणार. चांगली अद्दल घडली मला, असं मनात म्हणत मी डॅनचा दंड धरला.

पण संतोष प्रवीणकडे वळला. "खोटं का खरं ते आत्ता ठरवू. ह्याच मॅचला. जो जिंकंल त्यानं शर्ट न्यावं."

"सगळे?" प्रवीणचं हसू जरा ओसरलं.

"सगळे."

"अरं संत्या, शर्टं काय म्हनून देतोस?" बांधावरून कमलमावशी ओरडली. "मी दर आयतवारी हातानं धुतीया ती!"

काय चाललंय ते मी डॅनला सांगितलं, तसा तो घाबरलाच. नको नको म्हणायला लागला. शर्ट हिरावून घ्यायला मी आलो नाही, त्यांना सांग, त्यांना सांग! मी सांगितलं. संतोष ऐकून घेऊन शांतपणे म्हणाला, "सायेब, तुमी तुमचं बोललासा. आता आमचं आमाला बगू द्या."

यापुढचा खेळ मी काय वर्णन करू! फुटबॉलमधलं मला ॲल्डरटनला बघून जेवढं कळतं तेवढंच. पण औंढेकरांना तेवढंही कळत नव्हतं. त्यांचा गोलकीपर मूळचा विकेटकीपर. चेंडू हातात आला की तो पहिल्यांदा बांबूवर नेम धरायचा. एकाने तर उंच आलेला चेंडू दोन्ही हातांनी झेलला आणि अपील केलं! वलवणमध्ये दोघंतिघं लोणावळ्याच्या शाळेत फुटबॉल खेळलेली होती, त्यांच्या पायात चेंडू थांबत होता. पहिला गोल त्यांनीच मारला.

आणि मग डॅनला काय झालं कुणास ठाऊक. शाल खांद्यावरून घसरली, फेटा तिरका झाला आणि तो बांधाच्या कडेने लंगडत पळायला लागला. "पसर! पसर! सगळे एका जागी नको!" संतोषला शब्द नाही तरी हातवारे कळत होते, तो पोरांना ओरडून मराठीत सांगायला लागला. "अरं पांगा की, लगीन हाय का हितं?" पोरं पांगली. चेंडू इकडून तिकडे जायला लागला. आणि शेवटी एक उंच आलेला चेंडू संतोषच्या खांद्याला लागून बांबूंच्या मध्ये गेला. बरोबरी! बांधावरच्या बाया उभ्या राहिल्या. "रोवर! रोवर!" असा गलका झाला. इतका मोठा गलका मी ॲल्डरटनच्या मैदानावर कधी ऐकला नव्हता. डॅन दोन्ही मुठी वर करून उभा होता. मीही ओरडत होते, घसा बसेपर्यंत. देवा, एकदा जिंकू दे यांना, एवढंच मागत होते.

पण मॅच संपायला आली आणि प्रवीण एकटाच चेंडू घेऊन निघाला. विकेटकीपर पुढे धावला, प्रवीणने चेंडू त्याच्या बाजूने अलगद सरकवला. सुतळीखालून चेंडू आत गेला आणि पेंढ्याच्या उडवीला लागून थांबला.

रोव्हर्स फायनल पुन्हा हरले.

डॅन खाली मान घालून बांधावर बसला. संतोष मैदानाच्या मधोमध गेला, शर्ट डोक्यातून काढला आणि प्रवीणपुढे धरला.

आता प्रवीणच ओशाळला. "ऱ्हाऊ दे रं. मी चेष्टा केलती."

"मी न्हवती केली. घे."

मग एकेकाने काढले. मावशी तरातरा मैदानात आली. पोराला रागवायला आली असं वाटलं, पण ती म्हणाली, "अरं, घामाचं कापड असं कुनाला द्यायचं असतं व्हय? आना हिकडं, धुऊन उद्या देते."

"असू दे मावशी," प्रवीण म्हणाला, आणि तो ओला, मातीने भरलेला शर्ट तिथेच अंगात घातला. मग त्याच्या सगळ्या पोरांनी घातले.

मी डॅनकडे बघितलं. तो उठून उभा राहिला होता. समोर मरून शर्टातली पोरं, छातीवर चॅम्पियन्स, आणि ती खरोखरच जिंकलेली. इतक्या वर्षांत त्या शर्टावरचं अक्षर पहिल्यांदाच खरं झालं होतं. डॅन सरळ त्यांच्याकडे गेला आणि प्रत्येकाचा हात हातात घेऊन "अभिनंदन" म्हणत गेला. नंतर मला म्हणाला, त्या दिवशी ॲल्डरटनला तो जिंकलेल्या संघाला तोंड न दाखवताच घरी निघून गेला होता. त्याच्यामागोमाग संतोषही उघड्या अंगाने प्रत्येकाशी हात मिळवत गेला.

रांग संपली तसा संतोष डॅनसमोर उभा राहिला. डोळ्यांत पाणी होतं गड्याच्या, पण आवाज ताठ. "सायेब, वाईट वाटून घेऊ नगा. फुडच्या वर्सी परत खेळू. शर्ट जिंकून परत आनतो."

मी ते डॅनला सांगितलं. तिकडे मैदान गेलं, पाटी उतरली, आता पुढचा मोसम नाही असं सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. म्हातारा फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसायला लागला. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

"विचार त्याला," डॅन म्हणाला, "पुढची मॅच कोणत्या तारखेला आहे? मला तिकीट काढावं लागेल."

मी विचारलं. संतोष खळखळून हसला.

"तारीख कशाला? भात निगालं की या."